खुर्चीतली सायकल

आमच्या दाजींनी जन्मात कधी विनाकारण एक पाऊल टाकलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राजुरीला त्यांचं घर, थोडी बागायत आणि नारायणगावच्या बाजारात तोलणाराचं काम. म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन वाचून, बारदान म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन वजा करून, मोठ्यानं पुकारायचं. त्या कामाला पाय लागत नाहीत, गळा लागतो, आणि गळा देवानं त्यांना भरपूर दिला होता. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण दाजी मोटारसायकलवर बसून जायचे आणि पोचल्यावरही खाली न उतरता बांधाबांधानं पीक बघून यायचे. एकदा मोटारसायकल बिघडली, तर सबंध दिवस ओट्यावर बसून त्यांनी मेकॅनिकची वाट पाहिली आणि पाणी धरायला अक्का गेली. मी म्हणालो, "दाजी, दोन पावलांवर तर मळा." त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "पावणं, दोन जायची आन् दोन यायची. चार झाली."

खाण्याच्या बाबतीत मात्र इतका कष्टाळू माणूस मी पाहिलेला नाही. लग्नाला गेले की ते मांडवात बसत नसत. थेट आचाऱ्याकडे जायचे, कढईजवळ खुर्ची ओढून घ्यायचे आणि बुंदी पाडणाऱ्याला सूचना देत बसायचे. नवरा कुणाचा आणि नवरी कुठली, हे त्यांना पुष्कळदा परतीच्या वाटेवर अक्काकडून कळायचं. मासवडीबद्दल तर त्यांची मतं फारच कडक. माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोनं पहिल्यांदा त्यांच्यासाठी मासवडी केली, तेव्हा त्यांनी एक खाल्ली, डोळे मिटले, दुसरी खाल्ली, पुन्हा डोळे मिटले. ताट रिकामं होईपर्यंत हे असंच चाललं. शेवटी म्हणाले, "सारन वाईच आळणी झालंय. पुढच्या येळंला परत बघू." पुढची वेळ म्हणजे दुसरा दिवस. ते खरंच परत आले. दर संकष्टीला दोघं ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला जायची. अक्काचा उपास असायचा आणि दाजींचाही असायचा. फक्त त्यांच्या उपासाला खिचडी, रताळी, वरीचा भात आणि शेंगदाण्याचे लाडू लागायचे. अक्का म्हणायची, "यांच्या उपासात चार मानसं जेवून उठतील." तिच्याशी मात्र दाजींचं बोलणं फार नव्हतं. सगळा आवाज बाजारात खर्च व्हायचा. घरात त्यांचे शब्द दोनच, 'वाढ' आणि 'पुरे', आणि त्यातलं 'पुरे' मी क्वचितच ऐकलंय.

अक्काचे पाय सुजायला लागले तेव्हा तिनं महिनाभर कुणाला सांगितलं नाही. मग तोंडावर सूज आली, अन्न जाईना, आणि आळेफाट्याच्या डॉक्टरांनी तपासून सरळ पुण्याला पाठवलं. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन रक्त शुद्ध करून आणायचं सुरू झालं. मी वाटेवरच्या पेठ गावात शाळेत मास्तर. सुट्टी असली की दोघं बसनं येताना मी पेठेच्या फाट्यावर त्याच बसमध्ये चढायचो. अक्का खिडकीला डोकं टेकून बसलेली असायची आणि शेजारी दाजी अर्धे सीटवर, अर्धे सीटच्या बाहेर. परतताना अक्काला मान धरवत नसे.

किडनी बदलली तरच काही आशा आहे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझा रक्तगट जुळला नाही. आई थकलेली. दाजींची एकुलती मुलगी सासरी होती, तिला दिवस गेलेले होते, आणि तसं नसतं तरी अक्कानं आधीच सांगून टाकलं होतं, "पोरीचं घेनार न्हाई. परत तो इषय काढू नका." तेव्हा दाजी डॉक्टरांच्या टेबलापाशी पुढे सरकले आणि म्हणाले, "माझी घ्या. माझ्या चांगल्या मोठ्या असतील."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रक्तगट जुळतोय, ही चांगली गोष्ट आहे. पण एवढ्या वजनाच्या माणसाचं ऑपरेशन आम्ही करत नाही. तुमच्याच जिवाला धोका. आधी वजन उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू."

"किती उतरवू?"

"तिसरा हिस्सा तरी गेला पाहिजे."

दवाखान्यातल्या काट्यावर त्यांना उभं केलं, तो आकडा दाजींनी मान्यच केला नाही. बसमध्ये ते मला म्हणाले, "मानसं तोलायच्या काट्यावर माझा भरवसा न्हाई. उद्या आपल्या काट्यावर बघू." दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मीही नारायणगावला गेलो. कांद्याच्या गोण्या खाली उतरवल्या आणि दाजी काट्यावर चढले. सगळे हमाल भोवती जमले. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालाचं वजन पुकारणारा हा माणूस स्वतः पहिल्यांदाच वर चढला होता. काटा स्थिर झाला. दवाखान्यापेक्षाही जास्त भरले. दाजींनी वाकून आकडा वाचला, पण पुकारला नाही. खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "बारदान वजा करा." हमाल पोट धरून हसले. दाजी हसले नाहीत. मोटारसायकलपाशी गेले आणि तिच्यावर न बसता कितीतरी वेळ नुसते तिचं हँडल धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चालायला सुरुवात केली आणि आठवडाभरात अंथरूण धरलं, कारण एवढा भार वाहून गुडघे आधीच झिजलेले होते. पुण्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, चालू नका, साधी सायकलही नको. पाठीला टेकून बसायचं आणि पाय पुढं करून पेडल मारायचं, अशी घरात वापरायची सायकल मिळते, ती घ्या. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं पुण्यातल्या एका बंगल्यात तशी सायकल निघाली. त्या घरची माणसं तिच्यावर टॉवेल वाळत घालत असत. टोमॅटो उतरवून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमध्ये घालून आम्ही ती राजुरीला आणली. खुर्चीसारखी बसकी सीट, पाठीला टेकायला गादी, पुढे पेडल, आणि चाक म्हणावं तर एका पेटीत बंद. घरात ती मावेल अशी जागा एकच, मधल्या खोलीत, अक्काच्या खाटेसमोर. निम्मं गाव बघायला आलं. शेजारची म्हातारी आत्या कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कुटं जाती रं?"

"कुटंच जात न्हाई, आत्या."

"मंग घाम कशाला गाळायचा?"

पहिल्या दिवशी दाजी तिच्यात बसले ते जरा वेळानं उठायला गेले, तर उठता येईना. सीट खाली आणि पोट वर. मी आणि पिकअपवाल्यानं दोन्ही काखांत हात घालून त्यांना बाहेर काढलं. ते भिंतीला टेकून धापा टाकत बसले, गंजीफ्रॉक घामानं निथळत होता. म्हणाले, "पावणं, न्हाई व्हनार आपल्याच्यानं. नेऊन द्या माघारी." अक्का खाटेवर पडून सगळं ऐकत होती. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. दाजींनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग मला हात पुढं करून म्हणाले, "बसवा परत."

त्यानंतर जे झालं त्यावर मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. सकाळी डेअरीला दूध घालून आले की सायकल, बाजारातून आले की सायकल. लोडशेडिंगचे दिवस होते. पंखा बंद, पत्र्याचं घर तापलेलं, आणि त्यात दाजी डोक्याला टॉवेल गुंडाळून पेडल मारतायत, हे दृश्य मी उन्हाळाभर पाहिलं. भात सुटला, गूळ सुटला, चहातली साखर सुटली. एका लग्नात ते सवयीनं आचाऱ्याजवळ जाऊन बसले, पण समोर ताटलीत नुसती काकडी. आचारी इतका घाबरला की त्यानं चाखायला न देताच रस्सा मांडवात पाठवला आणि तो खारट निघाला. मुलीचा बाप दाजींवर चिडला, म्हणाला, "तुमी व्हता ना तिथं." दाजी म्हणाले, "व्हतो. पन नसल्यासारखाच."

पण त्या खोलीत वजनापलीकडेही काहीतरी घडत होतं. सायकलचं तोंड खाटेकडे असल्यामुळे त्या दोघांना रोज तासन् तास एकमेकांकडे बघत बसावं लागायचं, आणि नुसतं किती बघणार. एकदा मी गेलो तेव्हा अक्का उशीला टेकून मेथी निवडत होती आणि दाजी पेडल मारत होते.

अक्का म्हणत होती, "लग्नात तुमी माज्याकडं एकदा तरी बघितलं व्हतं का? मला अजून कळलं न्हाई."

"बघितलं व्हतं."

"कवा?"

"पंगतीत. तुझ्या पानात पुरी तशीच व्हती. म्हनलं, पोरगी जेवत न्हाई, हिचं कसं व्हायचं."

"मला रडू येत व्हतं."

दाजींचे पाय जरा थांबले. "ते मला कसं कळनार?"

"इचारायचं."

"आता इचारलं न्हवं," दाजी म्हणाले आणि पुन्हा पेडल मारू लागले. अक्का मेथीच्या काड्या बाजूला करत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुजेतूनही हसू दिसत होतं. बाहेर ओट्यावर आल्यावर ती मला म्हणाली, "ह्या मानसाबरूबर सौंसार झाला माजा, पन वळख आत्ता व्हतीया."

दिवाळीच्या सुमारास दाजींचे सगळे सदरे त्यांच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखे दिसू लागले. गालांची कातडी लोंबायला लागली, मान बारीक झाली, आवाजही उतरला. अक्काला बघायला येणारी माणसं दारातूनच दाजींकडे बघून गप्प व्हायची आणि सफरचंदं त्यांच्याच हातात द्यायची. खामुंडीकडून आलेले एक लांबचे पाहुणे त्यांचा हात हातात घेऊन डोळे पुसायला लागले. "काय झालं हो हे? कंचा डॉक्टर हाय?" दाजी म्हणाले, "मला काय न्हाई झालं. आजारी ती हाय." पाहुण्यांनी अक्काकडे पाहिलं. औषधांनी तिचं तोंड चांगलं गरगरीत झालेलं होतं. त्यांचा काही विश्वास बसला नाही. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. ते गेल्यावर तिनं त्यांची सफरचंदं एका बाजूला ठेवली, कारण तिला फळं चालत नव्हती आणि दाजींना गोड.

एका बाजाराच्या दिवशी हमालांनीच त्यांना ओढून काट्यावर चढवलं. या वेळी दाजींनी आकडा पुकारला. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा पुकारला. डॉक्टरांनी सांगितलेला हिस्सा उतरला होता. कुणीतरी पेढे आणले, दाजींनी ते सगळ्यांना वाटले आणि आपला कागदात बांधून खिशात ठेवला. "आपरेशन झाल्यावर खाईन," म्हणाले.

पुढच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त, लघवी, हृदय, सोनोग्राफी, सगळं चांगलं निघालं. दाजी प्रत्येक रिपोर्ट बसमध्ये मला वाचायला लावायचे, आणि मी 'नॉर्मल' म्हटलं की मान हलवायचे. शेवटची तपासणी दोघांचं रक्त एकत्र करून बघायची होती. तिचा निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी आधी आम्हाला बसायला सांगितलं, आणि काहीतरी बिनसलंय हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"बाईंची बाळंतपणं किती झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन," अक्का म्हणाली. "दोन गेली. एक पोरगी हाय."

डॉक्टर हळू आवाजात समजावून सांगत होते. पोटातल्या मुलात बापाचाही अंश असतो. कधीकधी आईचं रक्त त्या अंशाला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध उभं राहतं, आणि ते पुढं तसंच उभं राहतं. अक्काच्या रक्तात ते होतं. दाजींची किडनी तिला बसवली, तर तिचं शरीर ती त्याच दिवशी नासवून टाकेल. हे ऑपरेशन करता येणार नाही.

दाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. मग ते म्हणाले, "म्हंजे हिला माझं चालत न्हाई."

"असंच म्हणावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "यात तुमचा दोष नाही. त्यांचाही नाही."

अक्कानं दाजींच्या सैल झालेल्या बाहीला धरलं. "चला," ती म्हणाली. "आन् वाईट वाटून घेऊ नका. माझं रगात आधीपासनं आडमुठं." ती हसायचा प्रयत्न करत होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. जिन्यावरून उतरताना त्यांनी खिशातून कागदाची ती पुडी काढली, त्यातला वाळलेला पेढा बघितला आणि दवाखान्याच्या कट्ट्यावर बसलेल्या कुणाच्या तरी लहान मुलाला देऊन टाकला.

मृत माणसाची किडनी मिळते का म्हणून तिचं नाव दवाखान्यात नोंदवलं, पण ती वाट फार लांबची होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. दोन दिवसांनी मी राजुरीला गेलो. मला वाटलं होतं, सायकल आता ओट्यावर काढून ठेवली असेल, दाजी जेवत असतील. तर मधल्या खोलीतून पेडलचा आवाज येत होता. मी दारातच थांबलो. अक्काची खाट तिथंच होती, खाटेवर अक्का होती.

"आता कशाला तरास घेताय?" ती त्यांना विचारत होती. "आता उतरा की."

दाजी म्हणाले, "उतरून कुटं जाऊ? तू हितं हायस."

अक्का त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगली. डायलिसिस चालूच होतं, शेवटी ज्या शिरेतून ते करायचे ती हातातली शीर बंद पडली, ताप आला आणि तो हटला नाही. शेवटच्या आठवड्यात दाजी घरी आलेच नाहीत, दवाखान्याच्या बाकावर राहिले. तिचं शेवटचं बोलणं काही मोठं नव्हतं. मी जवळ होतो. तिनं दाजींना विचारलं, "जेवला का?" दाजी म्हणाले, "जेवलो." ते जेवलेले नव्हते, हे मला माहीत होतं आणि बहुतेक तिलाही.

दहाव्याला, तेराव्याला आलेल्या माणसांनी दाजींना बळेबळे वाढलं. ते प्रत्येक वाढप्याला हात आडवा करायचे. "पुरे" हा शब्द आता त्यांच्या तोंडून सारखा ऐकू यायला लागला. सायकल त्यांनी गावातल्या एका शिंप्याला दिली, त्याच्या आईचे पक्षाघातात पाय गेले होते आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. बाजारात ते अजूनही जातात, वजन पुकारतात. पण मागं उभ्या असलेल्या माणसाला आता पुढं सरकून ऐकावं लागतं. मुलगी अधूनमधून नातवाला घेऊन येते. तिनं फार सांगितलं तिच्याकडे राहायला या म्हणून, पण ते गेले नाहीत.

अक्काचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या सकाळी मी घरात नुसता बसून होतो. मला दुसरी बहीण नाही. बायकोनं पाट मांडला नव्हता, तबक केलं नव्हतं. साडेनऊच्या सुमारास फाट्यावर बस थांबल्याचा आवाज आला, आणि जरा वेळानं दारात दाजी उभे. धुतलेलं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. फाट्यापासून घरापर्यंत चालत आले होते.

"या दाजी," मी म्हणालो. "फोन करायचा, मी आलो असतो गाडी घेऊन."

ते आत आले, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वयनी, पाट मांडा. तबक करा. तिचं वर्साचं हाय, गेल्या साली दुखवट्यात ऱ्हायलं. आता खंड नको पडायला."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. तिनं पाट मांडला, भोवती रांगोळीची एक रेघ ओढली, तबकात निरांजन, कुंकू, सुपारी, अक्षता ठेवल्या. मी टोपी घालून बसलो. दाजींनी दोन्ही हातांनी तबक उचललं. ते डाव्या हातावर तोललं. त्यांनी मला कुंकू लावलं ते कपाळाच्या मध्यभागी न लागता भुवईवर गेलं. मग ते ओवाळायला लागले तर उलट्या बाजूनं.

"असं न्हाई, दाजी," बायको हळूच म्हणाली. "हिकडून तिकडं."

"हां," म्हणाले, आणि त्यांनी बाजू बदलली. सावकाश, एखादी जड वस्तू सांडू नये म्हणून सांभाळावी तसं तबक फिरवलं. मी तबकात ओवाळणी टाकली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वर पाहिलं तर ते तबक हातात घेऊन तसेच उभे होते. ते खाली ठेवायचं की कुणाकडे द्यायचं, त्यांना समजत नव्हतं.

"पुढं काय करत्यात?" त्यांनी विचारलं.

बायकोनं त्यांच्या हातातलं तबक घेतलं आणि माझ्या शेजारी दुसरा पाट मांडला. "आता जेवायचं, दाजी," ती म्हणाली. "बसा."

आणि दाजी माझ्या शेजारच्या पाटावर बसले.